दप्तराचा रकाना आणि माणसाची अब्रू

सरकारी दप्तर कोणी पाहावे व कोणापासून राखावे, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. एखाद्या जुन्या घराण्यातील चार रुमाल पाहावयास मिळावेत म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत, आणि घरधन्याने ज्यांस "पाहा, पण उतरून घेऊ नका" असे बजावले आहे, त्यांस कागदाची भूक आणि कागदाची भीती या दोहोंचाही परिचय आहेच. तथापि गेल्या काही वर्षांत धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न संशोधकांच्या बैठकीतून उठून तहसील कचेरीच्या ओसरीवर येऊन बसला. तेथे मोडी वाचणारा म्हणून आम्हांसही बोलावणे आले, आणि त्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक पुढे यथाक्रम सांगितली आहे. तिच्यामुळे जो विचार करावा लागला, तो विद्वज्जनांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१) प्रसंग

मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑक्टोबरच्या अखेरीस समितीचा पहिला अहवाल मंत्रिमंडळाने स्वीकारला. सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या गेल्या व त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या, असे त्या वेळी शासनाने सांगितले. उर्दू व मोडी कागदांची भाषांतरे करावीत, त्यांच्या संगणकीय प्रती काढाव्यात आणि त्या सर्वांस पाहावयास मोकळ्या कराव्यात, असेही ठरले. नोव्हेंबरच्या आरंभी आमच्या जिल्ह्यात प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात झाली.

आरक्षणाच्या वादात कोणता पक्ष न्याय्य, याची चर्चा येथे कर्तव्य नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. जी बाडे पन्नास-साठ वर्षे कोणी झटकलीही नव्हती, ती एका महिन्यात शेकडो हातांत गेली. गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची पुस्तके, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, जे म्हणून जातीचा रकाना असलेले होते, ते सर्व बाहेर निघाले. कागदप्रेमी माणसास यासारखा आनंद नाही. परंतु ज्या पानावर एका कुटुंबाचा आधार सापडतो, त्याच पानावर दुसऱ्या दहा कुटुंबांचे मृत्यू, रोग, दोष आणि जाती लिहिलेल्या असतात, याचा विचार त्या घाईत कोणास सुचला नाही. आम्हांसही सुचला नाही.

(२) या प्रांतीचे दप्तर

धाराशिवचे दप्तर एका हातचे नाही. सन १८५३ च्या तहाने निजामाने कंपनी सरकारास जो मुलूख लावून दिला, त्यात वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही होता. तेथे पहिला डेप्युटी कमिशनर म्हणून आलेला कर्नल मेडोज टेलर याने नळदुर्गास राहून जमिनीची मोजणी सुरू केली. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली प्रसिद्ध झाले आहे. सन १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. मग वरिष्ठ कचेरीचे कागद आधी फारसीत व पुढे उर्दूत, आणि गावपातळीचे बहुतेक मोडीत, अशी वाटणी झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. निजामी अमलातील उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली धाराशिव हे जुने नाव पुन्हा अधिकृत झाले.

इतके धनी बदलल्यामुळे एकाच घराण्याचा कागद आज तीन ठिकाणी शोधावा लागतो. गावाचा कागद तालुक्यास, जिल्ह्याचा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि दरबारचा हैदराबादेस. शिवाय सन फसली. फसलीत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कैक अर्जदार आपल्या पणजोबाचा कागद हाती धरूनही तो आपला नव्हे असे समजून परत गेलेले आम्ही पाहिले आहेत. सारांश, आमच्याकडे दप्तर बंद राहण्यास कुलूपच लागे असे नाही. लिपि, भाषा आणि सन ही तीन कुलपे आपोआप पडलेली होती. त्यांच्या आड लोकांची गुपितेही आपोआप सुरक्षित होती. २०२३ साली ही तिन्ही कुलपे एकदम निघाली.

(३) संख्या आणि नाव

निजामी राज्यात पहिली खानेसुमारी १८८१ साली झाली. तिच्या व तिच्या पुढच्या गणतींच्या आकड्यांवरून गॅझेटियर रचले गेले. त्यात अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, असे सांगितलेले असते. हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याविषयी २ सप्टेंबर २०२५ रोजी शासननिर्णय निघाला, तेव्हा ही जुनी पुस्तके पुष्कळांच्या तोंडी आली. पण त्यांत एकाही माणसाचे नाव नाही. संख्या कोणाची अब्रू घेत नाही, आणि म्हणूनच कोणा एकाचा हक्कही ती एकटी सिद्ध करीत नाही. त्याच निर्णयाने गावपातळीवर समित्या नेमून वंशाची चौकशी करावयास सांगितली आहे, याचे कारण हेच. पुरावा जो असतो तो नावात असतो. पणजोबाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव आणि मिती यांत असतो. आणि जेथे नाव असते तेथेच डागही असू शकतो. या विषयाची सारी अडचण या एका गोष्टीत साठविलेली आहे.

ही अडचण आमच्या पूर्वजांस अपरिचित होती असे समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटलाचे, म्हणजे राजाच्या दप्तरखान्याचे, प्रकरण घातले आहे. देश, ग्राम, जाति, कुल व संघ यांचे धर्म, व्यवहार आणि चरित्र तेथे निबंधपुस्तकांत नोंदून ठेवावे, असे त्याचे विधान आहे. ते दप्तर राजाचे होते. प्रजेस ते पाहावयाचा अधिकार असल्याचे त्या प्रकरणात म्हटलेले नाही. मराठी अमलात याच्या उलट चाल दिसते. वतनाचा तंटा गोतसभेत बसून निवडला जाई, महजर सर्वांदेखत होई, साक्षीदारांची नावे व निशाण्या त्याखाली पडत. आमच्या भाषेत खासगी हा शब्दही आला तो कारभारातूनच. दौलतीचा खर्च निराळा आणि धन्याच्या घरचा, म्हणजे खासगीचा, खर्च निराळा. धन्यास खासगी होती. रयतेच्या खासगीचा रकाना मात्र कोणत्याही दप्तरात नव्हता. रयतेपाशी अब्रू होती, आणि तिचा पहारा तिनेच करावयाचा होता.

(४) बंद दप्तराचा अनुभव

दप्तर बंद ठेवल्याने अब्रू राखली जाते, असे म्हणणाऱ्यांनी पेशवे दप्तराचा इतिहास आठवावा. सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ते दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास जोर आला. कमिशनाने याच दप्तरातून लोकांच्या इनामांचे कागद काढून त्यांच्या सनदा खऱ्या-खोट्या ठरविल्या व हजारो इनामे खालसा केली. इनामदाराविरुद्ध जो कागद सरकार वाचीत होते, तो इनामदारास मात्र सहजी वाचावयास मिळत नसे. पुढे अनेक वर्षे संशोधकांसही ते दार बंदच राहिले. न्यायमूर्ति रानडे यांच्या खटपटीने रोजनिशींतील निवडक उतारे बाहेर आले. सर्वसाधारण अभ्यासकास खरा लाभ झाला तो मात्र रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले तेव्हा. या बंदीमागे इनामदारांच्या घरगुती गोष्टी झाकाव्यात हा हेतु नव्हता. कागद बाहेर गेल्यास लोक सरकारवर दावे लावतील, हे भय होते. सत्तेने स्वतःचे झाकले आणि त्यास दुसऱ्याच्या अब्रूचे पांघरूण घातले, असे इतिहासात वारंवार दिसते.

याचा परिणाम घराघरांतील दप्तरांवरही झाला. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला, आणि पुढे गावोगाव हिंडून ते कागद मागू लागले. तेव्हा ज्या घरांनी त्यांस दार लावले, त्यांच्या मनात इनाम कमिशनाची आठवण ताजी असल्यास नवल नाही. कागद दाखविला की वतन जाते, असा धडा लोक शिकले होते. भीतीने कागद तळघरात गेले आणि तेथे वाळवीने खाल्ले. तेव्हा बंद दप्तर हे कागदाचेही शत्रु आहे, ही गोष्ट आम्हांपैकी कोणास नव्याने सांगावयास नको.

(५) उघड्या दप्तराचा अनुभव

आता दुसरी बाजू पाहू. पेशव्यांच्या रोजनिशींत बदअंमलाबद्दल बसविलेल्या गुन्हेगारीच्या रकमा आहेत. त्यांत स्त्रियांची नावे आहेत, गावे आहेत. त्याच कागदांत कुणबीण हा शब्द येतो. एके ठिकाणी त्याचा अर्थ कुणब्याची बायको, तर दुसऱ्या ठिकाणी विकत घेतलेली वा सरकारात धरून आणलेली दासी. ज्यास हा भेद ठाऊक नाही, त्याने घाईत वाचलेला एक शब्द कोणत्या घरावर काय आणील, हे सांगता येत नाही.

याहून कठीण उदाहरण आमच्या शेजारचे आहे. इंग्रजी मुलुखात १८७१ पासून काही जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा होता. १९२४ मध्ये तो नव्याने झाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आमच्या जिल्ह्यातील वृद्धांच्या बोलण्यात अजून येते. त्या अमलात माणसांची नावे, अंगठ्यांचे ठसे आणि हजेऱ्या रजिस्टरांत लिहिल्या गेल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला व त्या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. आता पाहा : विमुक्त जातीच्या प्रमाणपत्रास २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. ज्या कुटुंबाची शाळेत नोंद नाही व ज्याच्या नावे जमीन नाही, त्याचा जुना लेखी उल्लेख सापडलाच तर पोलिसांच्या वा सेटलमेंटच्या रजिस्टरात सापडावयाचा. म्हणजे आजोबाच्या कपाळी मारलेला शिक्का हाच नातवाच्या हक्काचा कागद. हे रजिस्टर जाळावे तर नातू बुडतो. चव्हाट्यावर टांगावे तर आजोबाची विटंबना पुन्हा नव्याने होते.

आता आमची चूक. हिवाळ्याचे दिवस होते. एका गावच्या शाळेत जुने रजिस्टर वाचून दाखविण्यास आम्हांस बोलाविले होते. आमचे आयुष्य शिक्षकीत गेल्यामुळे असले रजिस्टर आमच्या हातचे मळलेले. एका तरुणाच्या आजोबाची नोंद सापडली. त्यास आनंद झाला, आम्हांसही झाला. त्याने मोबाइलवर पानाचे छायाचित्र घेतले, आणि आम्ही घेऊ दिले. त्याच पानावर, दोन ओळी वर, एका मुलाच्या नावापुढे बापाच्या जागी आईचे नाव होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या काळच्या मास्तराने एक शब्द लिहिला होता. तो शब्द येथे लिहीत नाही. छायाचित्र संध्याकाळपर्यंत गावभर झाले. आठवड्याने त्या मुलाची मुलगी, आता स्वतः ऐंशीच्या घरातली बाई, आम्हांस बाजारात भेटली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "गुरुजी, ती वही अजून होती का?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

(६) आजचे कायदे

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे मात्र नाही. उलट निरनिराळ्या कायद्यांत शहाणपणाचे तुकडे विखुरलेले आहेत. सन १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या १५ व्या कलमाने गणतीची मूळ पत्रके कोणासही पाहता येत नाहीत व पुराव्यातही घेता येत नाहीत. सन १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाच्या १७ व्या कलमाने कोणीही नोंदीचा शोध करवू शकतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करावयाचे नाही, असे सांगितले आहे. पहिल्या कायद्याने सगळे पुस्तक बंद केले. दुसऱ्याने पुस्तक उघडून एक रकाना झाकला. आमच्या मते दुसऱ्याची रीति अधिक विचाराची आहे.

केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने अभिलेखागारातील कागद खऱ्या संशोधकास खुले केले. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात ८(१)(ज) हे कलम घालून, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती देण्याचे नाकारता येईल, पण व्यापक लोकहित असल्यास ती द्यावी, असा तोल साधला होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमाने माहिती अधिकारातील ते कलम आखूड केले. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे. आता वैयक्तिक माहिती एवढेच शब्द नकारास पुरतात. लोकहिताचा तोल ८(२) या सर्वसाधारण कलमात शिल्लक आहे; परंतु तो तोलावयाचा की नाही, हे पुष्कळदा त्याच कारकुनाच्या हाती राहते ज्यास नकार देणे सोपे असते. इनाम कमिशनानंतरच्या काळाची येथे आठवण होते. वैयक्तिक हा शब्द दुबळ्या माणसाच्या रक्षणास आला, आणि उद्या अधिकाऱ्याच्या सहीच्या रक्षणास वापरला गेला, तर तो पूर्वीचाच खेळ ठरेल.

परदेशांत काळाची मर्यादा घालून हा तंटा मिटविला आहे. अमेरिकेत खानेसुमारीची नावनिशीवार पत्रके ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पत्रके २०२२ साली खुली झाली. इंग्लंडात ही मुदत १०० वर्षांची. तेथे १९२१ ची पत्रके २०२२ च्याच आरंभी बाहेर आली. काळ हा गुपितांचा धार बोथट करणारा आहे, यात शंका नाही. परंतु आमच्या गावांत पिढ्या जागा सोडीत नाहीत. तेच आडनाव, तोच वाडा, तीच विहीर. म्हणून केवळ वर्षे मोजून आमचे काम भागणार नाही. रकानाही पाहावा लागेल.

(७) जुनी रीति आणि आमची सूचना

या कामी एक जुना दाखला उपयोगी पडेल. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांपाशी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. यात्रेकरू आपले गाव, आडनाव सांगतो. उपाध्याय त्याच घराण्याचे पान काढून त्यास वाचून दाखवितो आणि त्यात नवी नावे लिहून घेतो. शेकडो वर्षांचा एवढा मोठा संग्रह सांभाळला गेला आणि ज्याचा त्यास उपयोगीही पडला. येथे वही बंदही नाही आणि चव्हाट्यावरही नाही. विचारणाऱ्याचा त्या पानाशी संबंध काय, एवढे मात्र आधी विचारले जाते. सरकारी दप्तर ही उपाध्यायाची खासगी मिळकत नव्हे, हा भेद मोठा आहे; तरीही पद्धत घेण्यासारखी आहे. तिच्या धर्तीवर पुढील कलमे आम्ही सुचवितो :

१. आपल्या पूर्वजाची ओळ पाहण्यास व तिची प्रमाणित प्रत घेण्यास वंशजास कोणतीही आडकाठी नसावी. त्याने जात सिद्ध करण्यास मागितली की इतिहास लिहिण्यास, हे पाहू नये.

२. कोणत्या गावचे, कोणत्या सनाचे, कोणत्या प्रकारचे बाड कोठे आहे, याची यादी पूर्णपणे खुली असावी. फसली व इसवी असे दोन्ही सन तीत द्यावेत. या यादीत कोणाचे नाव नसल्याने तीस हरकत घेण्यास जागाच नाही.

३. प्रत ओळीची द्यावी, पानाची नव्हे. संगणकीय प्रतींतही हाच नियम असावा.

४. मृत्यूचे कारण, जन्माविषयीचा शेरा, गुन्ह्याचा उल्लेख हे रकाने परक्यापासून शंभर वर्षे झाकावेत. अभ्यासकास ते पाहू द्यावेत. मात्र छापताना नाव गाळण्याची अट त्याने लिहून द्यावी.

५. अधिकाऱ्याचा हुकूम, जमिनीचे हस्तांतर, इनामाची सनद, सरकारी पैशाचा खर्च यांस वैयक्तिक म्हणून झाकता येऊ नये. सरकारच्या हातून झालेले काम हे कोणाचे खासगी नव्हे.

६. बाड कोणी, केव्हा व कशासाठी पाहिले, याची एक वही ठेवावी. ती वही मात्र सर्वांस पाहता यावी.

७. प्रत काढून झाली म्हणून मूळ बाड निकाली काढू नये. वाचनात चूक असल्यास ती मुळावरूनच दुरुस्त होते.

तिसऱ्या कलमास खर्च लागत नाही, हे अनुभवाने सांगतो. त्या प्रसंगानंतर आम्ही जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून घेतला. त्यास मध्ये एका ओळीएवढी खाच आहे. रजिस्टरावर तो ठेवला म्हणजे हवी ती ओळ दिसते व बाकीचे पान झाकलेले राहते; छायाचित्रही तेवढ्याच ओळीचे निघते. आजवर पुष्कळांच्या नोंदी आम्ही या पुठ्ठ्यातून वाचून दिल्या, आणि त्यामुळे कोणाचे काम अडले नाही. एकदोघांनी वर काय आहे म्हणून विचारले. तुमचे नव्हे, एवढे सांगितले की पुरते.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ की वही होती, आणि असावयासच हवी, कारण तुमच्या नातवास तिची गरज पडेल. पण ती ओळ गावाने वाचावयाची नव्हती, आणि ती वाचली गेली याचा दोष आमचा. हे उत्तर प्रत्यक्ष त्यांस सांगण्याचा योग आला नाही. त्या पुढच्याच उन्हाळ्यात वारल्या.

ज्या वाचकांपाशी सरकारी अथवा घरगुती दप्तरे आहेत व ज्यांनी ती परक्यांस दाखविताना काही नियम केले आहेत, त्यांनी ते या त्रैमासिकाकडे अवश्य लिहून कळवावेत. निरनिराळ्या प्रांतांतील अशा चाली एकत्र झाल्या, तर वरील कलमांतील उणिवा दूर करून ती शासनापुढे ठेवता येतील.